सर्व पंथांचे सार

मुंबईहून विरारकडे जाणाऱ्या गाडीत बसलात म्हणजे वसईच्या पुढे नालासोपारे स्टेशन लागते. आता तिथे इमारतींची दाटी झाली आहे आणि गाडीतून उतरणाऱ्या माणसाला घर गाठण्याची घाई असते. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच सोपारे शूर्पारक या नावाने दूरदूरच्या खलाशांना ठाऊक होते. समुद्रापलीकडची गलबते इथे लागत आणि त्यांतला माल बैलांच्या पाठीवरून घाटावर जाई. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला जुना स्तूप खणून पाहिला. त्याच साली गावात त्यांना एका फुटक्या शिळेचा तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी लिपीतल्या काही तुटक ओळी होत्या.

भगवानलाल मूळचे जुनागढचे. गिरनारच्या वाटेवर जो प्रचंड खडक आहे, ज्यावर सम्राट अशोकाचे चौदा लेख कोरलेले आहेत, त्या खडकाच्या गावी ते लहानाचे मोठे झाले. त्यामुळे सोपाऱ्याची अक्षरे त्यांच्या ओळखीची निघाली. तो अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा होता. पुढे १९५६ मध्ये त्याच परिसरात नवव्या लेखाचाही तुकडा सापडला. तेव्हा गिरनारला आहे तशी सगळी लेखमाला एके काळी आपल्या उत्तर कोकणच्या किनाऱ्यावरही उभी असली पाहिजे, असे म्हणायला हरकत नाही. आठव्या लेखाचा तुकडा आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मुलांची सहल घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी तिथे पाच मिनिटे जरूर थांबावे. दगड दिसायला काही फार देखणा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आठव्या लेखात अशोक काय सांगतो? पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी बाहेर पडत, त्याला विहारयात्रा म्हणत. आपण राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर बोधिवृक्षाच्या ठिकाणी गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू केली. या यात्रेत ब्राह्मणांना आणि श्रमणांना भेटायचे, दान द्यायचे. म्हाताऱ्या माणसांना भेटायचे, त्यांची सोय लावायची. आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून धर्म सांगायचा, धर्माविषयी विचारपूस करायची. मूळ लेखात ‘धंमपरिपुछा’ असा शब्द आहे. परिपृच्छा म्हणजे विचारणे. राजा गावात आला म्हणजे वेठ, शिधा आणि वैरण यांची धावपळ, एवढाच अनुभव असलेल्या लोकांना हा राजा धर्माच्या गोष्टी काढीत होता, हे विशेषच म्हणायचे.

शाळेत अशोक शिकवताना आपण रस्त्याच्या दुतर्फा झाडे, विहिरी, माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधे एवढे सांगतो. ते सगळे लेखांत आहे, त्यात चूक काही नाही. पण मला आज वेगळीच गोष्ट तुमच्यापुढे ठेवायची आहे. निरनिराळ्या पंथांच्या, निरनिराळ्या श्रद्धांच्या माणसांत नीतीच्या काही गोष्टी सारख्या असतात, हे आपण सहज बोलून जातो. सभेत, शाळेच्या फळ्यावर, पाहुण्यांच्या भाषणात हे वाक्य इतक्यांदा येते की ते ऐकू येईनासे झाले आहे. अशोकाला ही गोष्ट अशी सहज मिळालेली नव्हती. ती त्याला कुठल्या ग्रंथात मिळाली असेही दिसत नाही. त्याच्याच लेखावरून पाहिले तर ती त्याला त्याने स्वतः उद्ध्वस्त केलेल्या एका देशात दिसली.

तो देश म्हणजे कलिंग, आजच्या ओडिशाचा किनारपट्टीचा प्रदेश. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर, म्हणजे इ.स.पू. २६१च्या सुमारास, अशोकाने कलिंग जिंकले. तेराव्या लेखात त्याने आकडे दिले आहेत. दीड लाख माणसे तिथून हलवून नेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट मेली. शेवटची मोजदाद त्यालाही करता आलेली नाही. लढाईच्या मागून येणारी उपासमार, रोगराई, वाटेवरचे मरण हे आकड्यांत बसत नाही. जिंकणाऱ्या राजाने स्वतःच्या विजयाचा हिशेब अशा शब्दांत दगडावर कोरून ठेवल्याचे दुसरे उदाहरण प्राचीन जगात शोधूनही सहजी मिळणार नाही.

पण आकड्यांच्या पुढचा मजकूर जास्त महत्त्वाचा आहे, आणि आपण बहुधा आकड्यांपाशीच थांबतो. पुढे अशोक म्हणतो की याहूनही जास्त दुःख देणारी गोष्ट निराळीच आहे. त्या देशात ब्राह्मण राहत होते, श्रमण राहत होते, इतर पंथांचे लोक होते, घरसंसार करणारी साधी माणसे होती. ती माणसे वडीलधाऱ्यांचे ऐकणारी, आईबापांची सेवा करणारी, गुरूंना मान देणारी होती. मित्र, परिचित, सोबती, नातेवाईक यांच्याशी नीट वागणारी, दास आणि नोकर यांच्याशीही नीट वागणारी होती. अशा माणसांवर घाव पडला, मरण आले, त्यांची जिवलग माणसे तुटली. आणि जे स्वतः वाचले त्यांनाही आपल्या माणसांचे हाल पाहून दुःख भोगावे लागले.

ही यादी पुन्हा एकदा पाहा. आईबाप, गुरू, मित्र, आप्त, दास, नोकर. अशोकाच्या लेखांत ती इतरत्रही आलेली आहे. तिसऱ्या, चौथ्या, नवव्या, अकराव्या लेखात तीच माणसे, तीच कर्तव्ये कमीअधिक शब्दांनी येतात. त्यालाच तो ‘धंम’ म्हणतो. पण तेराव्या लेखात ही यादी उपदेश म्हणून आलेली नाही. ती मेलेल्या आणि देशोधडीला लागलेल्या लोकांचे वर्णन म्हणून आली आहे. राजाने धर्म शिकवायच्या आधीच ते लोक तसे वागत होते. ब्राह्मण असो, श्रमण असो की आणखी कुणी असो, घरातली नीती एकच होती. हे त्याच्या ध्यानात आले तेव्हा त्यातली पुष्कळ माणसे राहिलेली नव्हती.

आता ही ‘इतर पंथांची’ माणसे कोण, ते थोडे समजून घेतले पाहिजे. नाहीतर सगळे काही आधीपासून गुण्यागोविंदाने चालले होते असे वाटायचे. तसे मुळीच नव्हते. वेद मानणारे ब्राह्मण यज्ञ करीत. बुद्धाचे भिक्षू यज्ञ मानीत नसत आणि कायम टिकणारा आत्माही मानीत नसत. निर्ग्रंथ, म्हणजे आपण ज्यांना जैन म्हणतो ते, आत्मा मानीत, पण जग निर्माण करणारा ईश्वर मानीत नसत. आणि आजीविक नावाचा एक मोठा पंथ होता. त्याचा प्रमुख मक्खलि गोशाल हा महावीर आणि बुद्ध यांच्या काळचा. सगळे काही नियतीने ठरलेले आहे, माणसाच्या प्रयत्नाने त्यात काही फरक पडत नाही, असे आजीविक म्हणत. म्हणजे पाप-पुण्य, यज्ञ, आत्मा, ईश्वर, प्रयत्न या एकाही गोष्टीवर या चौघांचे एकमत नव्हते. आणि वाद काही लुटुपुटीचे नव्हते. बौद्ध आणि जैन ग्रंथांत गोशालाविषयी जे लिहिले आहे त्यात रागच रागच भरलेला आहे.

असे असूनही वागण्याच्या गोष्टी निघाल्या की ही मंडळी एकमेकांच्या फार जवळ येतात. जैनांची पाच व्रते घ्या: अहिंसा, सत्य, चोरी न करणे, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. पुढच्या काळात पतंजलीच्या योगसूत्रांत जे पाच यम सांगितले ते हेच पाच. बौद्धांच्या पंचशीलात पहिली चार जवळपास हीच, फक्त पाचवे दारूबंदीचे. तैत्तिरीय उपनिषदात गुरू विद्या पुरी झालेल्या शिष्याला घरी पाठवताना आई, वडील, आचार्य, अतिथी यांना देवासारखे मानायला सांगतो. आणि बौद्धांच्या सिगालोवाद सुत्तात बुद्ध एका गृहस्थाच्या मुलाला सहा दिशा समजावून सांगतो. तो मुलगा सकाळी ओलेत्याने सहा दिशांना हात जोडीत असतो. बुद्ध त्याला सांगतो की आईबाप ही पूर्व दिशा, गुरू दक्षिण, बायकामुले पश्चिम, मित्र उत्तर, नोकरचाकर खालची दिशा आणि साधुसंत वरची. त्या प्रत्येकाशी नीट वाग, म्हणजे दिशांची पूजा झाली. अशोकाची यादी आणि ही यादी शेजारी ठेवून मुलांकडून वाचून घ्यावी. वर्गात तास चांगला रंगतो.

नोकराचे नाव या याद्यांत आहे, याकडे मात्र माझे लक्ष नेहमी जाते. आईबापांची सेवा करा हे सांगायला फार धैर्य लागत नाही. पण सालदार, गडी, घरची मोलकरीण यांच्याशी वागणे हाच धर्माचा भाग आहे, असे राजाने दगडावर कोरावे आणि ते पुन:पुन्हा कोरावे, याला काही अर्थ आहे. अशोकाने दास्य रद्द केले नाही, हेही खरे. त्या काळी ते त्याला सुचलेच नसावे.

आता बाराव्या लेखाकडे येऊ. पंथापंथांनी एकमेकांशी कसे वागावे, हा त्याचा विषय आहे. अशोक म्हणतो की मी सगळ्या पंथांचा मान राखतो, त्यांतल्या संन्याशांचाही आणि संसारी माणसांचाही, दानही देतो. पण दानमानापेक्षा मला एका गोष्टीची किंमत जास्त वाटते. ती म्हणजे सर्व पंथांच्या साराची वाढ. ‘सारवढी’ असा मूळ शब्द आहे. आणि लगेच तो पुष्टी जोडतो की ही वाढ नाना प्रकारांनी होते. इथे जरा थांबू या. सगळे धर्म एकच आहेत, सगळे एकाच ठिकाणी जातात, असे अशोकाने कुठेही म्हटलेले नाही. प्रत्येकाचे सार त्या त्या पंथात, त्याच्या त्याच्या रीतीने वाढावे, एवढेच त्याचे म्हणणे आहे. आंब्याची कोय आणि फणसाची आठळी एका वाफ्यात रुजू शकतात; म्हणून झाड एक होत नाही.

मग या वाढीचे मूळ कशात आहे? या प्रश्नाचे उत्तर वाचून मी पहिल्यांदा चकितच झालो होतो. मला वाटले, करुणा म्हणेल, श्रद्धा म्हणेल, अहिंसा म्हणेल. त्याने शब्द लिहिला आहे ‘वचीगुती’, म्हणजे वचोगुप्ती, वाणीला आवर. त्याचे स्पष्टीकरणही त्याने अगदी घरगुती रीतीने केले आहे. विनाकारण आपल्या पंथाची स्तुती करू नये आणि दुसऱ्याच्या पंथाची निंदा करू नये. बरे, कारण असले तर? तरी हलक्या हाताने बोलावे. जो माणूस आपल्या पंथावरच्या प्रेमापोटी, तो उजळून दिसावा म्हणून, दुसऱ्याला नावे ठेवतो, तो दुसऱ्याचे तर नुकसान करतोच, पण आपल्या पंथाचे त्याहून जास्त करतो. आणि दुसऱ्याचा मान राखणारा आपल्याच पंथाला वाढवतो. म्हणून लोकांनी एकत्र यावे, एकमेकांचा धर्म ऐकून घ्यावा, आणि सगळ्या पंथांचे लोक बहुश्रुत व्हावेत अशी राजाची इच्छा आहे.

एकत्र येणे या अर्थाचा ‘समवाय’ हा शब्द गिरनारच्या खडकावर आहे. पण आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढीच्या खडकावर, जिथे लेख खरोष्ठी लिपीत उजवीकडून डावीकडे कोरलेले आहेत, तिथे त्याच जागी ‘सयम’, म्हणजे संयम, असा शब्द आहे. कोरणाऱ्याचा हात चुकला म्हणा, की लिहून देणाऱ्याने मुद्दाम बदलला म्हणा, दोन्ही शब्द वाक्यात चपखल बसतात.

अशोकाची ही गोष्ट पुढे कितीतरी परंपरांत आपापल्या परीने आली. जैनांच्या साधनेत मन, वचन आणि काया यांच्या तीन गुप्ती आहेत; अशोकाचा शब्द आणि त्यांचा शब्द एकच. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप निराळे सांगितले आहे. बायबलच्या नव्या करारात याकोबाच्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायाचा बराचसा भाग जिभेवरच आहे. कुराणाच्या सहाव्या सुरेत तर थेट अशीच आज्ञा आहे की इतर लोक अल्लाला सोडून ज्यांची आराधना करतात त्यांना शिव्याशाप देऊ नका, नाहीतर ते अज्ञानाने अल्लालाही शिव्या देतील. या सगळ्यांनी अशोकाचे वाचले होते असे कुणी समजू नये. मधल्या काळात ती ब्राह्मी अक्षरेच लोक विसरले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ती पुन्हा वाचली तोवर खडक मुकाच होता. भांडणाची पहिली ठिणगी बहुतेक वेळा जिभेवरून पडते, हा अनुभव सगळ्या देशांत सारखा असावा, म्हणून उत्तरही सारखे निघाले. ज्या गावात सप्ताह आणि उरूस एकाच पंधरवड्यात येतात, त्या गावच्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. तिथे मंडप, दिवाबत्ती, भांडी यांवरून कधी अडत नाही. अडते ते कुणी काही बोलून गेल्यावरून.

शब्दांचीही एक गंमत सांगतो. बाराव्या लेखात पंथाला अशोकाने शब्द वापरला आहे ‘पासंड’. त्याच्या तोंडी तो आदराचा, निदान साधा शब्द आहे. ब्राह्मण, बौद्ध, जैन, आजीविक सगळेच पासंड. हाच शब्द पुढे ‘पाखंड’ झाला. दुसऱ्याच्या पंथाला पाखंड म्हणायचे आणि आपल्या पंथाला धर्म, अशी विभागणी झाली. ज्या लेखात निंदा करू नका असे लिहिले, त्याच लेखातला शब्द निंदेला उपयोगी पडला! राजाच्या बिरुदाचेही तसेच झाले. तो स्वतःला ‘देवानंपिय’, देवांचा लाडका, म्हणवून घेई. नंतरच्या संस्कृत व्याकरणात ‘देवानांप्रिय’ याचा अर्थ मूर्ख असा दिलेला आढळतो.

या लेखांचा प्रवास कुठवर झाला ते पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट कळते. अफगाणिस्तानातील कंदाहार हे अशोकाच्या राज्याचे पश्चिमेचे टोक. सिकंदराच्या स्वारीनंतर तिथे ग्रीक लोक वस्ती करून राहिले होते, आणि इराणी राजवटीपासून अरमाईक भाषेत लिहिणारेही होते. १९५८ मध्ये तिथे अशोकाचा एक लेख मिळाला, वर ग्रीक आणि खाली अरमाईक. १९६३ मध्ये आणखी एक ग्रीक लेख मिळाला. त्यात बाराव्या लेखाचा शेवट आणि तेराव्याची सुरुवात आहे. भाषांतर करणाऱ्यापुढे अडचण उभी राहिली असणार. ‘धंम’ या शब्दाला ग्रीकमध्ये काय म्हणायचे? त्याने ‘युसेबिया’ हा शब्द घेतला. देवाधर्माविषयी, आईबापांविषयी मनात जो पूज्यभाव असतो त्याला ग्रीक लोक युसेबिया म्हणत. अरमाईक लिहिणाऱ्याने सत्य या अर्थाचा शब्द घेतला. इराणी लोकांच्या मनात सत्याला फार मोठे स्थान होते. म्हणजे प्रत्येकाने आपल्या घरातला सगळ्यात चांगला शब्द काढून दिला. वाणीच्या आवरासाठी ग्रीकात आत्मसंयमाचा शब्द आला, आणि ज्याचा आपल्या जिभेवर ताबा तोच खरा संयमी, अशा अर्थाने वाक्य मांडले गेले. सॉक्रेटिसाच्या शिष्यांना ते मुळीच परके वाटले नसते. पंथासाठी ग्रीक शब्द ‘दिआत्रिबे’, म्हणजे तत्त्वज्ञांची शाळा. इंग्रजी शिकवणारे शिक्षक ओळखतील की तोच शब्द पुढे ‘डायट्राइब’ होऊन त्याचा अर्थ झोडपून काढणारे भाषण असा झाला. पाखंडाला भाऊ मिळाला म्हणायचा.

हे सगळे सांगताना अशोकाला देव्हाऱ्यात बसवायची माझी इच्छा नाही. तेराव्याच लेखात, पश्चात्तापाच्या ओळींच्या पाठोपाठ, त्याने रानात राहणाऱ्या लोकांना बजावले आहे की राजाला पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या हाती बळ आहे. वेळीच शरमा, म्हणजे मारले जाणार नाही. नवव्या लेखात लग्न, बाळंतपण, आजार, प्रवास यांच्या वेळी बायका जे लहानमोठे विधी करतात त्यांना तो क्षुल्लक आणि निरर्थक म्हणतो. वाणीला आवर घाला असे सांगणाऱ्या राजाची जीभ इथे सुटली, असे मला वाटते. पहिल्या लेखात यज्ञासाठी प्राणी मारायला त्याने मनाई केली. अहिंसेच्या दृष्टीने ठीक, पण यज्ञ करणाऱ्या ब्राह्मणाला ते कसे लागले असेल? पुढे लोकांना धर्म शिकवण्यासाठी त्याने महामात्र नेमले. नीतीसाठी सरकारी अधिकारी नेमावेत, ही कल्पना मला तरी फारशी रुचत नाही. आणि सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे कलिंगातच, धौली आणि जौगड इथल्या खडकांवर, हा तेरावा लेख कोरलेला नाही. तिथे अकरावा, बारावा, तेरावा हे लेख वगळून दोन वेगळे लेख घातले आहेत. त्यांत सगळी माणसे माझी मुले आहेत, कुणाला विनाकारण कोंडू नका, छळू नका, असे अधिकाऱ्यांना सांगितले आहे. ज्यांच्यावर घाव घातला त्यांना आकडे वाचून दाखवायचे त्याला धैर्य झाले नसावे, किंवा जखम पुन्हा उघडू नये असे वाटले असावे.

तरीही बाराव्या लेखातली रीत पुढे रुजलेली दिसते, आणि तीही आपल्याच मुलखात. नाशिकजवळ पांडवलेणी आहेत. जुने नाव त्रिरश्मी. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात याने इथे बौद्ध भिक्षूंसाठी लेणे कोरविले. लेण्यातल्या लेखात त्याने आपली दाने सांगितली आहेत. तीन लाख गाई दिल्या. ब्राह्मणांना गावे दिली, वर्षभर भोजन घातले. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे उतारूंसाठी धर्मशाळा बांधल्या. पारदा, दमण, तापी, डहाणू अशा नद्यांवर फुकट तरी ठेवल्या आणि काठांवर पाणपोया घातल्या. शूर्पारकाच्या रामतीर्थासारख्या ठिकाणी राहणाऱ्या चरक नावाच्या संप्रदायाला बत्तीस हजार नारळीची झाडे दिली. हे सगळे बौद्ध भिक्षूंच्या लेण्याच्या भिंतीवर लिहिलेले आहे, आणि भिक्षूंना त्यात काही वावगे वाटलेले नाही.

उषवदाताच्या सासऱ्याचे राज्य मोडले ते सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने. सातवाहन वैदिक यज्ञ करणारे; नाणेघाटातल्या नागनिकेच्या लेखात अश्वमेधासकट यज्ञांची मोठी यादीच आहे. गौतमीपुत्राच्या मागे त्याची म्हातारी आई गौतमी बलश्री हिने त्याच डोंगरावर भिक्षूंसाठी दुसरे लेणे दिले. त्या लेखात ती मुलाला एकमेव ब्राह्मण म्हणून गौरवते, क्षहरातांचा वंश निखळून काढल्याचे अभिमानाने सांगते, वर्णसंकर थांबवल्याचेही सांगते, आणि लेणे देते बुद्धाच्या भिक्षूंना. दोन घराणी एकमेकांची वैरी, पण दान एकाच डोंगरावर, एकाच संघाला. बाहेरच्या ओसरीत उभे राहिले की दोन्ही लेण्यांच्या दारांतून खाली तेच शेतशिवार दिसते.

शेवटी बिहारात जाऊ या. गयेच्या उत्तरेला बराबरचे डोंगर आहेत. तिथल्या कठीण काळ्या खडकात अशोकाने राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी गुहा कोरवून आजीविकांना दिल्या. तो स्वतः बुद्धाचा उपासक. आजीविक हे बुद्धाच्या शिष्यांचे कट्टर विरोधक. प्रयत्न व्यर्थ आहे असे मानणाऱ्या लोकांसाठी प्रयत्नवादी राजाने हा खटाटोप केला. गुहेच्या भिंती घासून इतक्या गुळगुळीत केल्या आहेत की दिवा नेला तर त्यात आपले तोंड दिसते. आत कुणी बोलले तर आवाज घुमत राहतो. पुढे अशोकाचा नातू दशरथ यानेही जवळच्या नागार्जुनी डोंगरात आजीविकांना गुहा दिल्या.

आजीविक पंथ आज नाही. त्यांचा स्वतःचा एकही ग्रंथ उरलेला नाही. त्यांच्याविषयी आपल्याला जे ठाऊक आहे ते बहुतेक त्यांच्या विरोधकांनी लिहिलेले आहे. बराबरच्या गुहांच्या दारापाशी दानाचे लहानसे लेख आहेत. राजा प्रियदर्शीने ही गुहा आजीविकांना दिली, एवढाच त्यांचा मजकूर. नंतरच्या काळात कुणीतरी छिन्नी घेऊन तिथे आले आणि त्यातला ‘आजीविक’ हा शब्द तेवढा ठोकून काढायचा प्रयत्न केला. राजाचे नाव ठेवले, वर्ष ठेवले, दान ठेवले. पण खडक कठीण होता आणि घाव पुरे बसले नाहीत. अक्षरे अजून वाचता येतात.